सुदर्शनची सर्व्हिस आणि आमचे हे

आमचे हे 'चालेल' म्हणायला लागले, तेव्हा मी घाबरले.

तुम्ही म्हणाल, नवरा चालेल म्हणतो यात घाबरण्यासारखं काय आहे, उलट नशीब काढलंत. असं म्हणणाऱ्यांनी सीताराम ओव्हाळ या माणसाबरोबर सत्तावीस वर्षं संसार केलेला नाही. हे पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूमच्या तपासणी विभागात होते. दिवसभर दुसऱ्यांच्या कामातली चूक शोधायची आणि संध्याकाळी बिबवेवाडीला घरी येऊन माझ्यातली. भाकरीची एक कड जाड. पडद्याची दोरी डावीकडे बोटभर खाली. लग्नाला आठ दिवस झाले नसतील, मला विचारलं होतं, "राधा, तू कप ठेवतेस तेव्हा त्याचा कान दर वेळी वेगळ्या बाजूला का असतो?" मी टपाल खात्यात काउंटरला. लोकांचं ऐकून ऐकून डोकं आधीच तापलेलं असायचं. म्हटलं, "हात आहेत ना तुम्हाला? फिरवून घ्या." आमचं हे असं चालायचं. आवाज चढले की खालच्या मजल्यावरचे लोक टीव्ही बारीक करायचे, नीट ऐकू यावं म्हणून. मग आम्ही जेवायला बसायचो.

दोन हजार एक साली कारखान्यात मोजमाप करणारं नवं परदेशी यंत्र आलं. यंत्र माणसापेक्षा बारीक मोजतं आणि मधे चहाला उठत नाही, असं तिथल्या कुणा नव्या साहेबानं ह्यांना ऐकवलं. पुढच्याच महिन्यात व्हीआरएसचा कागद. एकतीस वर्षं नोकरी केलेला माणूस एका शुक्रवारी दुपारी घरी आला आणि गॅलरीतल्या खुर्चीत बसला. तो तिथेच बसून राहिला. सकाळी पेपर, दुपारी डुलकी, संध्याकाळी समोरच्या पाण्याच्या टाकीकडे बघणं. रविवारी विहारात वंदनेला यायचे, तेवढंच.

आणि चालेल. आमटी खारट झाली, चालेल. इस्त्रीवाल्यानं शर्ट जाळला, चालेल. एकदा तर मी मुद्दाम कॅलेंडर चांगलं वाकडं टांगलं, आठ दिवस तसंच ठेवलं. रोज त्याच्यासमोरून जात होते हे. एक अक्षर नाही! नवव्या दिवशी मीच ते सरळ केलं आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. मला काही नको होतं. पैसा येत होता, माझी नोकरी होती, पोरगी कमावती झाली होती. मला फक्त माझ्यावर ओरडणारा माझा नवरा परत हवा होता. हे कुणाला सांगणार? लोक हसले असते.

दोन वर्षं अशी गेली. मग आमच्या घरात तो सुदर्शन आला. म्हणजे स्वतः नाही आला, अक्षताच्या तोंडून आला.

अक्षता आमची एकुलती एक. सेनापती बापट रस्त्यावरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागून सहा महिने झाले होते. त्यांच्या कॅन्टीनमध्ये टेबल टेनिसचं टेबल. कॉलेजात ही खेळायची, त्यामुळे तिथे गेल्या गेल्या बाईसाहेबांनी सगळ्यांना हरवलं. एक सोडून. तो एक म्हणजे तिचा मॅनेजर, सुदर्शन. बत्तीस-तेहतीसचा, चष्मेवाला, बोलायला अगदी मऊ. पण सर्व्हिस करायला लागला की समोरच्याचं माकड करायचा म्हणे.

"अगं आई, सर्व्हिस एकच दिसते," जेवताना ती चिडून सांगत होती. "हात तसाच, चेंडू तेवढाच वर, सगळं तेच. पण एक चेंडू उलटा गरगरत येतो. त्याला बॅट लावली की मुंडी खाली घालून थेट नेटमध्ये. म्हणून पुढचा मी खालून उचलते, तर तो फिरतच नसतो! तो जातो टुण्णकन वर, आणि मग हा असा हाणतो की विचारू नकोस. पुढच्या महिन्यात फॅमिली डेला स्पर्धा आहे. मी फायनलला गेले तरी याच्यापुढे गेले बाराच्या भावात. सगळा नशिबाचा खेळ आहे."

"हरलीस तर हरलीस. चालेल," हे म्हणाले.

झालं. मी भात वाढायला उठले. आणि पाठीमागून आवाज आला.

"नशिबाचा कसा?"

मी हातात भाताचं भांडं घेऊन तशीच उभी राहिले.

"तोच माणूस, तोच चेंडू, तीच बॅट," हे भाताकडे बघत बोलत होते. "माल दोन तऱ्हेचा निघतो म्हणजे कुठेतरी दोन तऱ्हेचं काम होतंय. तुला दिसत नाही, एवढंच. चेंडू बॅटला लागतो कुठे, बघितलंस?"

"पप्पा, अर्धा सेकंदसुद्धा नसतो तो. कसं दिसणार?"

"मग निळं लाव."

आता हे निळं म्हणजे काय ते सांगते, कारण पुढचा सगळा गोंधळ त्यानंच केला. फिटर लोकांकडे एक निळा मलम असतो. लोखंडाचे दोन भाग एकमेकांवर नीट बसतात की नाही ते बघायचं असलं, तर एकाला तो मलम पुसट फासायचा आणि दुसऱ्यावर टेकवायचा. जिथे निळं उमटलं, तिथे लागतंय. जिथे नाही, तिथे नाही. बाकी गप्पा मारायच्या नाहीत. ह्यांच्याकडे माळ्यावर त्याची अर्धी डबी होती. ह्या माणसानं त्या रात्री स्टूल घेतलं आणि दोन वर्षांत पहिल्यांदा स्वतःहून काहीतरी काढायला वर चढला. मी खाली स्टूल धरून उभी. काही बोलले नाही. म्हटलं, मी बोलले आणि हे उतरले तर?

"चेंडूला लावायचं," त्यांनी लेकीला बजावलं. "इतकं पातळ, की लावलंय असं तुलाच वाटता कामा नये. त्यानं दहा-बारा सर्व्हिस केल्या की त्याच्या बॅटवर कोरा कागद दाबायचा. छाप घेऊन यायचं."

आता आमची अक्षता कॉम्प्युटरवाली. तिच्या डोक्यात काय, तर जितकं जास्त तितकी माहिती जास्त. तिनं फासलं की हो बोटभर! चेंडू नारिंगी होता म्हणून पटकन कळलं नाही, इतकंच. अर्ध्या तासात बॅट निळ्या, टेबल निळं, बघायला जमलेल्यांचे हात निळे. आणि त्या मलमाची खोड अशी, की पुसायला जावं तितकं पसरतं. सुदर्शननं घाम पुसला, नाक खाजवलं, आणि तसाच पळत गेला मीटिंगला. मीटिंग कसली, तर अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाबरोबर, समोर कॅमेरा लावून. तिकडच्या बाईनं म्हणे फार आदरानं विचारलं, आज तुमच्याकडे कुठला सण आहे का? आणि हा बिचारा हो म्हणाला!

अक्षता घरी येऊन हे सांगताना जमिनीवर लोळत होती. मी हसून हसून पदर डोळ्याला लावला. हे मात्र हसले नाहीत. सगळं निळं व्हायच्या आत तिनं सुदर्शनच्या बॅटवर दाबून आणलेला कागद त्यांनी दिव्याखाली धरला होता.

"किती लावलंस हे?" ते म्हणाले. "पातळ म्हणजे काय ते कळत नाही का तुला?"

मी अक्षताकडे बघितलं, अक्षतानं माझ्याकडे. आम्ही दोघींनी एकदम माना खाली घातल्या, चेहरे दिसू नयेत म्हणून.

कागदावर निळ्याचे दोन पुंजके होते. एक बॅटच्या टोकाकडे, त्यात बारीक लांब ओरखडे. दुसरा मुठीजवळ, त्यात नुसते गोल ठिपके. मधे जवळजवळ कोरं. ह्यांनी पट्टी लावून दोन्हींतलं अंतर मोजलं, आणि मग आम्हाला समजावून सांगितलं. टोकाकडे लागतो तेव्हा बॅट चेंडूला खालून घासत जाते, म्हणून तो गरगरतो. तो भरलेला. मुठीजवळ लागतो तेव्हा नुसता टेकतो, फिरत नाही. तो पोकळ. बाकी हात हलवणं वगैरे सगळी नाटकं.

"त्याच्या बॅटकडे बघू नकोस. मुठीकडे बघ. चेंडू मुठीच्या जवळ आला तर पोकळ, चार बोटं लांब राहिला तर भरलेला."

"एवढ्या वेगात मूठ कशी बघणार पप्पा?"

इथे मी तोंड घातलं. "का नाही दिसणार? मी मंडईत गेले की काट्याकडे कुठे बघते? भाजीवाल्याच्या करंगळीकडे बघते. सवय लागली की दिसतं."

"तुझी आई बरोबर बोलते," हे म्हणाले. हे वाक्य मी सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा ऐकत होते, पण त्यावर बोलायची ती वेळ नव्हती.

मग सुरू झाला आमच्या घरात कारखाना. जेवणाच्या टेबलावर दिवाणाखालचा प्लाय टाकला, मधे चार पुस्तकं उभी करून नेट केलं. ह्यांनी आयुष्यात बॅट धरली नव्हती. कारखान्यातल्या क्लबात टेबल होतं, पण जेवणाच्या सुट्टीत हे डबा खाऊन मोजमापाची गेज पुसत बसायचे. पण हात फिटरचा! सुदर्शनची सर्व्हिस अक्षतानं चार वेळा करून दाखवली, आणि हे पाचव्या दिवशी ती तश्शी करायला लागले. टोकाकडे लागली की भरलेली, मुठीजवळ लागली की पोकळ. रोज दोनशे. अक्षता कंपनीतून रात्री यायची, तोवर समोर कोण? मी. काउंटरवरून पाय दुखवून साडेपाचला घरी यायचं, चपला काढायच्या आणि बॅट घ्यायची.

"पोकळ!" मी ओरडायची आणि चेंडू जायचा नेटमध्ये.

"भरलेला होता. डोळे कुठे होते?"

"डोळे जागेवर आहेत, कंबर जागेवर नाही."

"कंबरेनं बघायचं नाहीये, राधा."

काय सांगू, इतकं बरं वाटायचं! तरी मनात धाकधूक होतीच. हे सगळं स्पर्धेपुरतं. बॅटा फडताळात गेल्या की हा माणूस परत त्या खुर्चीत जाऊन बसणार. मी एकदा चाचपून बघितलं, स्पर्धेला येताय ना म्हणून. म्हणाले, "मी कशाला? त्या काचेच्या इमारतीत माझं काय काम? तुम्ही जा." आणि टाकीकडे बघत बसले.

शेवटी शनिवारी सकाळी मी साडी नेसून दारात उभी राहिले आणि म्हटलं, "मला एवढ्या लांब रिक्षानं जायचं नाही. स्कूटर काढा. सोडा आणि परत या." हे सोडायला आले आणि मी त्यांचा हात धरून त्यांना आत नेलं. सरळ फसवलं. दुसरा इलाज नव्हता.

आत हीऽऽ गर्दी. फुगे, समोसे, पोरं नुसती पळताहेत. अक्षता खरंच फायनलला पोचली होती आणि समोर सुदर्शन. आम्हाला बघून तो वाकून नमस्काराला आला. उजव्या हाताच्या नखांत अजून निळं होतं. हे मागच्या रांगेत खुर्चीच्या अगदी कडेला बसले, उठून जायच्या तयारीत.

सामना काय झाला म्हणून सांगू! पहिले दोन गेम अक्षतानं घेतले. सुदर्शन सर्व्हिस करतोय, ही मुठीकडे बघतेय, आणि दर वेळी बरोबर. भरलेला आला की खालून हळूच सोडायची, पोकळ आला की फाडकन मारायची. सुदर्शनचा चष्मा घामानं घसरायला लागला. पण तोही काही लेचापेचा नव्हता. सर्व्हिस चालेना, म्हणून त्यानं पुढचे दोन गेम नुसत्या फटक्यांवर काढले. दोन-दोन. पाचवा गेम अकराचा. नऊ-नऊ झाले तेव्हा मी समोसा हातात चुरगाळला होता. सुदर्शनची सर्व्हिस, पोकळ, अक्षतानं हाणली. दहा-नऊ! आता एक पॉइंट.

सुदर्शननं पुन्हा सर्व्हिस केली. भरलेली. अक्षतानं ती इतकी सुरेख परतवली की त्याला धावावं लागलं. धावता धावता त्यानं कसाबसा चेंडू मारला. तो टेबलाच्या कोपऱ्याशी गेला, 'टिक' असं काहीतरी झालं, आणि चेंडू वर उसळून बाजूला गेला.

पंच म्हणून उत्कर्षा नावाची त्यांच्या ऑफिसातली एक मुलगी उभी होती. तिनं हात वर केला. "आउट! अक्षता जिंकली!"

टाळ्या, शिट्ट्या, आरडाओरडा. अक्षताच्या मैत्रिणींनी तिला मिठ्या मारल्या. मी उठून उभी राहिले, डोळ्यांत पाणी, आणि तेवढ्यात माझ्या शेजारून असा आवाज निघाला, की सगळं कॅन्टीन गप्प झालं.

"नाही! चूक आहे!"

हे उभे होते. ताठ. मी त्यांची बाही ओढली. "अहो, बसा." बसतायत कसले! रांगेतल्या लोकांचे पाय तुडवत थेट टेबलापाशी गेले आणि गुडघ्यावर बसून त्यांनी कोपऱ्यावरून अंगठा फिरवला.

"चेंडू वरच्या कडेला लागलाय," ते उत्कर्षाला म्हणाले. "बाजूला लागला असता तर खाली पडला असता. हा वर उडून बाहेर गेला. आवाज ऐकलात ना? पॉइंट त्यांचा आहे."

ती बिचारी गोंधळली. "काका, अहो... तुम्ही अक्षताचे वडील ना?"

"त्याचा इथे काय संबंध?"

सुदर्शन मधे पडला. "काका, जाऊ द्या. मलाही नीट दिसलं नाही. मॅच तिचीच."

"जाऊ द्या म्हणजे?" ह्यांचा आवाज आणखी चढला. "एकतीस वर्षं तपासणी विभागात काढली मी. एकसुद्धा चुकीचा नग पास करून बाहेर पाठवला नाही. माझ्या मुलीचा आहे म्हणून पाठवू? तुम्ही एवढे मॅनेजर, तुम्हाला तुमचा हक्काचा पॉइंट मागता येत नाही? आणि बाई, तुम्ही पंच आहात तर कोपऱ्याच्या रेषेत उभ्या राहा. तिथे समोशांजवळ उभं राहून काय दिसणार?"

दोनशे माणसं बघत होती. एरवी मी लाजेनं मेले असते. पण माझ्या छातीत असं काही भरून आलं की मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. शेजारच्या बाईंनी मला पाण्याची बाटली दिली. त्यांना वाटलं, मला धक्का बसला.

पॉइंट सुदर्शनला गेला. दहा-दहा. पुढचा त्यानं घेतला. मग त्याची सर्व्हिस. भरलेली होती. ती मला मागच्या रांगेतून दिसली, इतकी स्वच्छ. अक्षतानं ती सरळ नेटमध्ये घातली. बारा-दहा. हरली.

ती बॅट टाकून आली ती थेट ह्यांच्यासमोर. मला वाटलं, आता ही बापाला फाडून खाते.

"मुठीकडे बघितलं नाहीस," हे म्हणाले.

"नाही बघितलं," ती म्हणाली. "मी तुमच्याकडे बघत होते. पप्पा, तुम्ही ओरडलात!" आणि तिनं त्यांच्या गळ्यात हात टाकले. हे अवघडून उभे. एवढं हरल्यावर पोरगी हसतेय का, ते काही त्यांना कळेना. लेक हरली होती आणि मला वाटत होतं, उठून सगळ्यांना पेढे वाटावेत.

सुदर्शन कप हातात घेऊन आला. त्यानं एवढंच विचारलं, निळ्याची आयडिया कुणाची. मग दोघं अर्धा तास त्या टेबलापाशी. ह्यांनी त्याला त्याच्या सर्व्हिसमधल्या तीन चुका सांगितल्या, शिवाय टेबलाचा एक पाय आखूड आहे हेही. तो खाली वाकून खरंच बघत होता.

घरी निघालो तेव्हा दुपारचं कडक ऊन. मी मागे बसले, ह्यांनी स्कूटर सुरू केली आणि लगेच बंद केली.

"राधा, तू नेहमी डावीकडे कलून का बसतेस? गाडी ओढते त्या बाजूला. सांगतोय किती दिवस."

एका शब्दानंही सांगितलेलं नव्हतं. आणि मी सरळच बसले होते, अगदी मधोमध. पण मी जिभेवर आलेलं गिळलं आणि थोडीशी उजवीकडे सरकले.

"आता उजवीकडे कललीस," हे म्हणाले.

मी मागून त्यांच्या पाठीला कपाळ टेकलं, आणि ते स्वारगेट येईपर्यंत बोलत राहिले.